तांदळात पुरलेली लग्नं

ज्या दिवसानंतर आमच्या घरातला कुठलाच दिवस साधा राहिला नाही, त्याच्या आदल्या दिवशी बाबा कामशेतच्या घराच्या ओट्यावर बसून कॅमेऱ्याच्या भिंगावरची बुरशी पुसत होते. मावळात पावसाळ्यात बुरशी येत नाही अशी वस्तू नाही. चपलेला येते, पट्ट्याला येते, आणि एका वर्षी तर शेजारच्या त्र्यंबकरावांच्या निवृत्तीच्या मानपत्रालाही आली होती. बाबांना तिचा राग नव्हता. "तिला बी काय तरी बघायचं आसंल," म्हणायचे.

बाबा म्हणजे 'केरबा व्हिडिओ शूटिंग'. मळवलीपासून घोरावाडीपर्यंत आणि पलीकडे पवनेच्या काठापर्यंत गेल्या तीसेक वर्षांत ज्यांची लग्नं झाली, त्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी "मान वर, वहिनी, मान वर" हा बाबांचा हुकूम पाळलेला आहे. बाबांची एक खोड होती. हार घालून झाले, की नवरा-नवरीला सोडून ते कॅमेरा घेऊन मांडवामागे जायचे आणि आचारी, वाढपी, पातेली घासणाऱ्या बाया यांचं शूटिंग करत बसायचे. गिऱ्हाईकं कटकट करायची. "भाऊ, आमी लग्नाचे पैसे दिल्यात, भाताचे न्हाई." बाबा तो भाग कापून द्यायचे, पण स्वतःजवळ ठेवायचे. हे सगळं, म्हणजे तालुक्याची लग्नं आणि तालुक्याचा भात, आमच्या घरी एका डिस्कमध्ये होतं. एकाच.

"अनघे, डिस्क मेली म्हंजे काय व्हतं गं?" भिंग उजेडात धरत बाबांनी विचारलं.

"आतलं सगळं जातं."

"सगळं म्हंजे?"

"सगळं, बाबा."

मी तळेगावच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. कुणी काही विचारलं की थोडक्यात सांगणं मला जमत नाही. मी त्यांना 'रेड' नावाची पद्धत समजावून सांगितली. दोन डिस्क एकत्र बांधायच्या. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाईल. एक मेली तरी दुसरीवर सगळं शिल्लक.

"म्हंजे वाढप्यांची जोडी," बाबा म्हणाले. "एक चक्कर यिऊन पडला तरी पंगत उठत न्हाई."

"बरोबर."

"मंग ही जोडी चालवणार कोन?"

हा खरा प्रश्न होता, आणि तो त्यांनी पहिल्या फटक्यात विचारला याचं मला आजही कौतुक वाटतं. जोडी दोन तऱ्हांनी चालवता येते. एक तर वेगळी पेटी आणायची. तिच्यात डिस्क खोचल्या की तीच सगळं बघते. त्याला हार्डवेअर म्हणतात. नाहीतर आपल्याच कॉम्प्युटरला आज्ञा देऊन ते काम करायला लावायचं. ते सॉफ्टवेअर.

"भारी कोन्चं?"

"मी वाचून सांगते."

"तू वाचून सांगनार म्हंजे तवर ह्या नवऱ्या-नवरीची पोरं लग्नाला येतील," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर इतके खूश झाले की घेवड्याच्या भाजीबरोबर एक भाकरी जास्त खाल्ली. मी हात धूत होते तेवढ्यात त्यांनी मोबाइलवरून दोन डिस्क मागवूनही टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत चहाची वाट बघत बसले होते. आईने चहा आणला, तेव्हा वाट बघणं संपलेलं होतं.

त्याबद्दल एवढंच. ही गोष्ट डिस्कची आहे.

* * *

पहिली अडचण फोटोची आली. पुण्यानुमोदनाला ठेवायला बाबांचा फोटो हवा होता आणि आमच्या घरात बाबांचा फोटो नव्हता. ज्या माणसाने अख्खा तालुका शूट केला तो स्वतः कॅमेऱ्याच्या मागे उभा होता, त्यामुळे तो कशातच नव्हता. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. त्या फोटोत बाबा असे दिसतात, की कुणीतरी त्यांच्यावर कोंबडी चोरल्याचा आळ घेतलाय आणि ते आता कबूल होण्याच्या बेतात आहेत. तो फोटो बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली मेणबत्तीच्या उजेडात ठेवला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "हे न्हाईत हे."

"त्या डिस्कीत आसंल की कुटंतरी," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आक्काबाई. मळवलीला तिची भाताची शेती आहे. आईला सोबत म्हणून ती आमच्याकडे राहायला आली होती. तिचाही त्या डिस्कमध्ये जीव होता. आमचे आतोबा, म्हणजे तिचे यजमान, लग्नांमध्ये भाताची पातेली सांभाळायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो नाही, पण पवनेकडच्या कुठल्याशा लग्नात बाबांनी त्यांना भात उपसताना काढलं होतं, हे आत्याला पक्कं ठाऊक होतं. "आमचं मालक हाईत त्येच्यात. ते तेवढं बघायचंय मला मरायच्या आदी," ती म्हणाली. मग आधार कार्डाकडे बघत, "आन् केरबा बी घावला तर घावला."

तर असा निर्णय झाला, की डिस्क उघडायची, सगळं बघायचं, बाबांना हुडकायचं. आणि त्याआधी बाबांच्या मनात होतं तशी जोडी लावायची, म्हणजे हुडकताना काही वाया जाणार नाही. एकूण बेत अगदी शहाण्या माणसांचा होता. आमच्या घरातले सगळे घोटाळे शहाण्या बेतांतूनच निघालेले आहेत.

* * *

मागवलेल्या डिस्क तळेगावच्या एका कुरियर कचेरीत येऊन पडल्या होत्या. मी गेले. खिडकीतल्या माणसाने पावती उलटसुलट पाहिली.

"केरबा भाऊ कोण तुमचे?"

"वडील."

"त्यांना पाठवा. ज्याच्या नावाचं पार्सल, त्यालाच द्यायचं असतं."

"ते येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत का?"

"नाही."

"गावाला गेलेत?"

मी ग्रंथालयात 'मोठ्याने बोलू नये' अशी पाटी लावणारी बाई आहे. चारचौघांत घरचं बोलायची मला सवय नाही. मी मृत्यूचा दाखला काढून खिडकीत सरकवला. त्याने वाचला. "अरेरे," म्हणाला. मनापासून म्हणाला. मग जरा थांबून, "मग आता त्यांच्या सहीचं कसं करायचं?"

"तुम्हीच सांगा."

"संमतिपत्र लागेल. की मुलीला द्यायला माझी हरकत नाही, असं. त्यांच्या सहीने."

मी दाखल्यावर बोट ठेवलं. तो दाखल्याकडे बघत राहिला. हळूहळू अडचण त्याच्याही ध्यानात आली. त्याने पार्सलवरचं नाव पुन्हा वाचलं, आणि एकदम त्याचा चेहरा बदलला. "हे ते कामशेतचे शूटिंगवाले केरबा भाऊ का? अहो, माझं लग्न त्यांनीच काढलंय! बायको अजून बोलते. म्हणते, माझ्यापेक्षा जिलबीवाल्याचंच शूटिंग जास्त केलं." त्याने पार्सल खिडकीबाहेर ठेवलं. "सही तुम्हीच करा. आणि ताई, ती आमची जिलबी असेल तर जरा बघा ना. आमचा थोरला भाऊ होता तिथे. आता नाही."

असे लोक मला पुढे खूप भेटले. बाबांनी कापून ठेवलेल्या भागात अख्ख्या मावळाचं कुणी ना कुणी होतं.

* * *

डिस्क आल्या आणि सल्ले सुरू झाले. मी तोवर हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर या विषयावर मिळेल ते सगळं वाचलं होतं. माझं मत ठरलं होतं: सॉफ्टवेअर. पेटी मेली की डिस्क जिवंत असूनही मुक्या होतात. तशीच दुसरी पेटी मिळेपर्यंत त्या कुणाशीच बोलत नाहीत. सॉफ्टवेअरचं तसं नाही. कॉम्प्युटर बदलला तरी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतात. पण हे मत माझं असल्यामुळे ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी माझ्या धाकट्या भावाला, प्रदीपला विचारलं. कारण तो 'कंपनीत' आहे. कंपनी ब्रेकचे भाग बनवते.

"हार्डवेअर," प्रदीप म्हणाला. "ताई, वस्तू कशी, हाताला लागली पाहिजे. सॉफ्टवेअर दिसतं का कुठं?"

त्र्यंबकराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ज्याला वायर आहे तो विषय त्यांचा. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "हार्डवेअर म्हणजे स्थावर. सॉफ्टवेअर म्हणजे जंगम. अनघाताई, बुद्धिमान माणूस नेहमी स्थावर घेतो. जंगमावर शेजारीसुद्धा विश्वास ठेवत नाहीत."

"पण पेटी बिघडली तर?" मी विचारलं.

"आमच्या खात्यात एक पेटी बसवली होती. मी लागलो तेव्हा होती, निवृत्त झालो तेव्हाही होती."

"चालायची?"

"तो प्रश्न वेगळा," त्र्यंबकराव म्हणाले.

आत्याने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. "पेटी घ्या बाई," म्हणाली. "पेटीला कुलूप तरी लावता येतं."

अशा रीतीने बहुमताने पेटी ठरली. ती लोणावळ्यात, संदेश नावाच्या कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात मिळाली. त्याच्या काचेच्या कपाटात ती इतका काळ बसली होती, की तिच्यावर ऊन पडून एक बाजू पिवळी झाली होती. "मॅडम, प्युअर हार्डवेअर," संदेश म्हणाला. "डिस्क टाका आणि विसरा." विसरणं हा आमचा हेतू नव्हता, पण त्याच्या उत्साहापुढे माझं काही चाललं नाही.

संदेशने दुकानातच जुन्या डिस्कवरचं सगळं पेटीतल्या नव्या जोडीवर उतरवून दिलं. मी दाराशी पावसाकडे बघत उभी होते, आणि माझ्या पाठीमागे प्रदीपने जुनी डिस्क एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. पेटीवर थोडी सूट मिळाली. हे मला त्याने गाडीत बसल्यावर सांगितलं, बढती मिळाल्याच्या सुरात.

"प्रदीप, ती मूळ प्रत होती."

"अगं, आता दोन-दोन आहेत की. जोडी आहे. तूच म्हणालीस ना?"

मी म्हणाले होते. वाचलेलं सांगायची ही फळं असतात.

* * *

पेटी कामशेतला आली. बाबांच्या टेबलावर बसली. हिरवा दिवा लागला. आईने नकळत पदर सारखा केला. मी दर शनिवारी तळेगावच्या माझ्या घरून येऊन थोडं थोडं बघायला लागले. लग्नं आणि लग्नं. नवऱ्या, नवरे, हार, फुलं, भाषणं, "मान वर, वहिनी". बाबांच्या आवाजाची मला सवय होती, त्यामुळे तो चटकन ऐकूच यायचा नाही. दिसायचे मात्र ते कुठेच नाहीत. आत्या शेजारी बसून प्रत्येक पातेल्याकडे मालक दिसतात का ते बघायची. "ह्यो न्हाई. ह्येचा हात बघ कसा पडतोय. आमचं मालक आसा भात मोडत न्हवतं."

आणि मग श्रावणातली ती झड लागली. भिंती घामेजल्या, मीठ पाणी सोडू लागलं. एका शनिवारी मी आले तर टेबल मोकळं.

"आई, पेटी कुठंय?"

आईने आत्याकडे बघितलं. आत्याने स्वयंपाकघराकडे. तिथे तांदळाची पत्र्याची कोठी होती, मळवलीच्या शेतातल्या इंद्रायणीने काठोकाठ भरलेली. झाकणाच्या फटीतून एक काळी वायर बाहेर येऊन भिंतीतल्या बटणाकडे गेली होती.

"दमट हवा लय झालती," आत्या म्हणाली. "केरबा न्हाई का त्येची भिंगं पावसाळ्यात तांदळात ठिवायचा? तांदूळ दम वढून घेतो. मी म्हनलं, भिंगाला बुरशी चढती, मंग ह्येच्या पोटात चढनार न्हाई व्हय?"

हे अगदी खरं होतं. बाबांची भिंगं दर पावसाळ्यात त्याच कोठीत, पिशवीत गुंडाळून, तांदळाच्या मधोमध झोपायची आणि दिवाळीला टकटकीत बाहेर यायची. आत्याने घरची रीत पाळली होती. फरक एवढाच, की भिंगाला पंखा नसतो.

"आत्या, चालू ठेवून पुरलीस?"

"बंद केली तर तू रागावशील म्हनून चालूच ठिवली." आवाजात जराही अपराध नव्हता. "वरनं कडुलिंबाचा पाला बी टाकलाय. किडे लागत न्हाईत."

मी हात घातला. तांदूळ कोमट होता. पेटीचा पंखा इंद्रायणीने गच्च भरला होता, हिरवा दिवा विझला होता, आणि वास असा येत होता की कुठेतरी प्लॅस्टिकची खिचडी लागलीय. आमच्या बौद्ध लग्नांत अक्षता नसतात, फुलं टाकतात. त्यामुळे बाबांच्या लग्नांवर इतका तांदूळ पडायचा हा पहिलाच प्रसंग होता.

"दम तर न्हाई ना धरला?" आत्याने विचारलं.

"नाही, आत्या. अगदी कोरडी आहे."

* * *

डिस्क बाहेर काढल्या. त्यांना झळ लागलेली दिसत नव्हती. पेटीने मात्र मान टाकली होती. संदेशला फोन लावला.

"मॅडम, ते मॉडेल बंद झालं. सेम पेटी मिळाली तरच डिस्क वाचणार."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर डिस्क आहेत की तुमच्याकडं," संदेश म्हणाला. माणसाचं सांत्वन कसं करू नये याचा हा मला भेटलेला सर्वांत छोटा नमुना.

"मग आमची ती जुनी डिस्क तरी परत दे."

जुनी डिस्क त्याने पुसून लोणावळ्यातल्या एका चिक्कीच्या दुकानाच्या सीसीटीव्हीला बसवली होती. प्रदीप तिथवर जाऊन आला. ज्या डिस्कवर तीसेक वर्षांची लग्नं होती, तिच्यावर आता मुंबईची माणसं शेंगदाण्याची घ्यावी की काजूची, या विचारात उभी होती. प्रदीप रिकाम्या हाताने आला नाही. अर्धा किलो चिक्की घेऊन आला. कुणी खाल्ली नाही.

आता होत्या त्या दोन मुक्या डिस्क. त्या रविवारी घरात सगळे जमले आणि आमच्या घरात नेहमी होतं तेच झालं. वस्तू दोन, मुलं दोन, तेव्हा वाटणी.

"एक पोराला, एक पोरीला," आत्याने निवाडा दिला. "बापाचं हाय, दोगांचं सारखं."

"हे न्याय्य आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "स्थावराची वाटणी वेळेत झालेली बरी."

मी सांगून पाहिलं की ही जोडी आहे, जोडी मोडू नका, मला वेळ द्या. पण बापाच्या मागे मुलगी डिस्क दाबून बसली असं दिसायला लागलं, आणि मी गप्प बसले. प्रदीपने आपली डिस्क रुमालात गुंडाळून घोरावाडीला स्वतःच्या घरी नेली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात असताना त्याचा फोन आला. आवाज बारीक.

"ताई, मी डिस्क लावली. स्क्रीनवर आलं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?"

"आणि?"

"मला वापरायची होती ना."

"प्रदीप. तू काय दाबलंस?"

"होय," तो म्हणाला. आणि मग, मोठा झाल्यापासून कधी रडला नव्हता तो माझा भाऊ, फोनवर रडायला लागला. "ताई, मी बाबांना पुसलं गं."

मला रागवायचं होतं. रागवण्यासारखं माझ्याकडे भरपूर साहित्य होतं, तेही विषयवार लावलेलं. पण मी म्हणाले, "एकच पुसली गेलीय. दुसरी माझ्याकडे आहे. म्हणून तर जोडी करतात." हे बोलताना माझ्या लक्षात आलं, की आता पंगत एकाच वाढप्यावर आहे, आणि तो बोलत नाही.

* * *

आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंद लिनक्स नावाच्या फुकट प्रणालीवर चालते. आमच्या महाविद्यालयाला फुकट हा गुण फार भावतो. तिच्या जुन्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावर आज्ञा टंकाव्या लागतात. ती दुरुस्त करायला कुणी येत नाही, म्हणून मी शिकले. शनिवारी तो लॅपटॉप कामशेतला आणला. एवढ्याचसाठी, की बाकी सगळे कॉम्प्युटर ती डिस्क बघितल्या बघितल्या फॉरमॅट करू का म्हणून विचारत होते, आणि हा कधी काही विचारत नाही.

सगळे माझ्या पाठीमागे उभे होते. प्रदीप भिंतीला टेकून, हात काखेत दाबून. मला कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही असं ठरवल्यासारखं आत्याने माझी खुर्ची धरली होती.

मी डिस्क लावली. आज्ञा दिली: काय आहे ते सांग. उत्तर आलं. हा एका जोडीचा अर्धा भाग आहे. दुसरा सापडत नाही.

मी ते दोनदा वाचलं.

"काय म्हनतंय?" आईने विचारलं.

"जोडीदार हरवलाय म्हणतंय."

"खरं हाय," आई म्हणाली.

मी पुढची आज्ञा टंकली: एकट्याने उभा राहा. एन्टर दाबलं. पडदा थोडा वेळ नुसता काळा राहिला. मग नावांची रांग उतरायला लागली. वडगाव. कार्ला. पवना. टाकवे. एकामागून एक, तालुकाभरची लग्नं.

प्रदीप भिंत सोडून पडद्यापाशी आला. आत्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. त्र्यंबकराव म्हणाले, "मी म्हटलंच होतं." काय म्हटलं होतं ते कुणी विचारलं नाही.

मी संदेशला फोन केला, कारण एक गोष्ट मला समजत नव्हती. पेटीची डिस्क पेटीशिवाय बोललीच कशी?

"ते काय आहे मॅडम," संदेश जरा घुटमळला, "स्वस्तातल्या पेट्यांमध्ये आत एक छोटा कॉम्प्युटरच असतो. त्याच्यात तुमचं तेच लिनक्स. म्हणजे आतून सॉफ्टवेअरच असतं."

"आणि हार्डवेअर?"

"तो डबा," संदेश म्हणाला.

हे मी त्र्यंबकरावांना सांगितलेलं नाही. त्यांचं वय झालंय.

* * *

आता त्या डिस्कच्या तीन प्रती आहेत: एक माझ्याकडे, एक प्रदीपकडे, एक आईच्या कपाटात. तांदळात एकही नाही. आतोबा सापडले. पवनेकडच्या लग्नात, वाफेत अर्धे हरवलेले, भात मोडताना. आत्याने ते चारदा बघितलं आणि पाचव्यांदा म्हणाली, "जरा जास्तच पानी घातलंय." मग पदर तोंडाला लावून आत गेली, आणि सगळ्यांसाठी चहा करून घेऊन आली. कुरियरवाल्याचा थोरला भाऊही सापडला, जिलबी खाताना. कुरियरवाल्याला तेवढा तुकडा पाठवून दिला.

बाबा मात्र नव्हते. म्हणजे आम्हाला वाटलं, नव्हते. एका रविवारी दुपारी मी 'स्टँड' नावाचा विभाग उघडला. तो मी आधी कधी उघडला नव्हता, कारण नावावरून वाटलं की कॅमेऱ्याच्या तिवयांच्या पावत्या वगैरे असतील. त्यात मांडवाच्या कोपऱ्यात लावून ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं. बाबांच्या हातातला कॅमेरा ऐनवेळी बिघडला तर उपयोगी पडावा, म्हणून लावलेला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता चालू. गिऱ्हाईकाला तो कधी दिला नाही, कुणी बघितला नाही, बाबांनी पुसला नाही.

आणि त्या प्रत्येक लग्नात बाबा होते.

खिशांचं तपकिरी जाकीट घालून, खांद्यावर कॅमेरा, नवरदेवापुढे उलटे चालत. ते आयुष्यभर उलटे चालले, हे आमच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. उलटे चालत ते मांडवाच्या खांबाला धडकत होते, खांबाची माफी मागत होते, पोरांच्या चपला तुडवत होते. केस काळे होते, मग करडे झाले, मग नव्हते. आई हसायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती अशी हसली, तोंडावर हात न ठेवता.

"थांब, थांब. ह्यो. ह्यो लाव फोटोला."

"आई, यात निम्मं तोंड कॅमेऱ्यामागं आहे."

"तर काय झालं?" आत्या म्हणाली. "ह्योच आमचा केरबा. निम्मा मानूस, निम्मं मशीन. पुरा दिसला तर वळखू यायचा न्हाई."

आधार कार्ड त्याच दिवशी उतरलं.

मग प्रदीप म्हणाला, "ताई, तुझं लग्न लाव की."

तळेगावचं कार्यालय. मी आणि माझे यजमान मंचावर, दोघंही फोटोत येतात तेवढे घाबरलेले. स्टँडच्या कॅमेऱ्यात सगळा मंच येत होता, आवाज फक्त गोंगाटाचा. एकेक जण येऊन आमच्याशेजारी उभा राहत होता. आई आली. प्रदीप आला. आत्या आली. त्र्यंबकराव दोनदा आले. आणि मंचाखाली, आमच्या समोर, जाकिटातला तो माणूस. कुणीतरी त्याचा दंड धरून त्याला वर ओढतंय. तो हाताने 'थांबा, आधी तुमचं होऊ द्या' म्हणतोय. पुन्हा कुणीतरी ओढतंय. पुन्हा तोच हात. पडद्यावरची नवरी काही बोलत नाही. नवरीने मंचावरून हाका मारू नयेत, असं तिला कुणीतरी शिकवलेलं होतं. ती फक्त त्याच्याकडे बघतेय, आणि तो कॅमेऱ्यातून तिच्याकडे. मग मंच रिकामा होतो, आणि तो वळून मांडवामागे निघतो, आचाऱ्यांकडे.

खोलीत सगळे बसले होते. माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला.

"बाबा," मी म्हणाले, चांगल्या मोठ्या आवाजात, "भात नंतर काढा. ठेवा तो कॅमेरा, आणि या इकडं वर. माझ्याशेजारी उभे राहा."